पुढच्या सोमवारचे घर

मी, कुलूप-किल्लीचा धंदा करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, हे मृत्युपत्र दुकानाच्या मागच्या खोलीत, दिवसाउजेडी आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. आज सकाळीच एका गंजलेल्या कुलपाचे सात लिव्हर खोलून, पुसून, पुन्हा जागच्या जागी बसवले. याहून वेगळा दाखला मी कोठून आणू? मला कोणी धमकावलेले नाही की गोड बोलून भरीस घातलेले नाही. उलट सुनेला हे लिहिणे पसंतच नाही. "आई, असलं काही लिहू नका," म्हणून ती पुढे दुकानात जाऊन बसली आहे, आणि मला ऐकू जावे म्हणून कानस जरा जास्तच जोरात घासते आहे.

मृत्युपत्राचा नमुना नोंदणी कचेरीसमोर टेबल टाकून बसणाऱ्या लेखनिकाकडून आणला. त्याने बजावले की मृत्युपत्रात खाडाखोड चालत नाही, एक ओळ खोडली तर दहा जण शंका काढतात. म्हणून जे लिहीन ते विचार करून लिहीन. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण किल्ल्यांच्या दातांवर आणि रद्दीत आलेल्या पुस्तकांवर झाले. अक्षराला हसू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण वाटून द्यावे असे काही नव्हते. आताही माझ्याजवळ जे सर्वांत मोठे आहे ते अजून माझे झालेले नाही. तीच तर काळजी आहे.

कलम १. माझी माणसे

माझे पती सोळा वर्षांपूर्वी वारले. धंदा त्यांचा. मला त्यांनी तो शिकवला नाही. मी उंबऱ्यात भाजी निवडत बसे आणि त्यांच्या हातांकडे बघत राही. तीस वर्षांपूर्वी ते तापाने पडले असताना एक बाई धावत आली. लेक आत, कडी लागलेली, गॅसवर दूध. मी पिशवी उचलली आणि जाऊन दार उघडले. दूध उतू गेले होते, बाकी काही नाही.  दुसऱ्या दिवशी हे बाकावर थोडे सरकून बसले आणि माझ्यापुरती जागा झाली. आमच्यात कौतुक ते एवढेच.

मुलगा एक. नऊ वर्षांपूर्वी तो दुसऱ्या संसारासाठी हे घर आणि ही बायको सोडून गेला. मी त्याला त्या दिवशी जे बोलले त्यातला एक शब्दही मागे घेत नाही, पण त्याच्या वाढदिवसाला मला अजून दिवसभर जेवण जात नाही, हेही खरे लिहिते.

सून गेली नाही. "तुमच्यापाशी राहिले तर चालेल का?" असे तिने विचारले तेव्हा मी म्हणाले, "राहा, पण रडायचं असेल तर हातात कानस घेऊन रड." आज तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला सांगितलेले नाही. वाचील तेव्हा कळेल.

कलम २. घर आणि दुकान, आणि त्यांची आजची स्थिती

पुढे दहा फुटी दुकान, मागे दोन खोल्या, मोरी, आणि जिन्याखाली भंगार ठेवायची जागा. अडतीस वर्षे आम्ही येथे भाडेकरू आहोत. थोरले मालक, म्हणजे आताच्या मालकांचे वडील, सरळ माणूस. त्यांनी यांना शब्द दिला होता की घर विकायचे झाले तर आधी तुम्हालाच विचारू. तो शब्द मुलाने पाळला. या वर्षी जानेवारीत साठेखत झाले, ठरलेल्या किमतीचा तिसरा हिस्सा मी मोजून दिला, आणि एप्रिलअखेर खरेदीखत करून द्यायचे असे दोघांच्या सह्यांनी ठरले.

आज ऑक्टोबर आहे.

आधी मोजणीचा नकाशा यायचा होता. मग मालकीणबाईंचा गुडघा दुखावला, त्यांना जिना उतरता येईना. आणि त्याच आठवड्यात त्या दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन माझ्या दुकानावरून ताडताड चालत गेल्या. मी "कसा आहे गुडघा?" विचारले तर म्हणाल्या, "कुणाचा?" मग कचेरीतला साहेब रजेवर गेला. प्रत्येक वेळी मालक दुकानाच्या पायरीशी उभे राहतात, आत येत नाहीत, बसत नाहीत, आणि म्हणतात, "पुढच्या सोमवारी नक्की, काकू." मी कॅलेंडरच्या पाठीमागे रेघा मारत गेले. एकवीस झाल्या. सून आणि मी आता त्यांना आपसात 'पुढचा सोमवार' असेच म्हणतो. "आई, पुढचा सोमवार येतोय," असे ती सांगते तेव्हा मी चष्मा पुसून घेते, कारण मला त्यांचा चेहरा नीट बघायचा असतो.

जुलैत पांढरे बूट घातलेला एक माणूस येऊन माझ्या दुकानाची पुढची भिंत फीत लावून मोजून गेला. कोणी पाठवले विचारले तर "असंच" म्हणाला. असेच कोणी कोणाची भिंत मोजत नाही.

कलम ३. या घराची व्यवस्था

खरेदीखत होऊन घर माझ्या नावावर झालेले असेल तर ते संपूर्ण, दुकानासह, माझ्या सुनेचे. दुसऱ्या कोणाचा त्यात कवडीचा हक्क नाही.

खरेदीखत होण्याआधी मी डोळे मिटले तर काय, हे मला घाबरवते. भाडेपावती यांच्या नावावर होती, नंतर माझ्या. माझ्यानंतर ती मुलाकडे जाईल, आणि मुलगा एका दुपारीत मालकांना घर रिकामे करून देईल. सून किल्ल्यांची पिशवी घेऊन रस्त्यावर उभी राहील. म्हणून लिहिते: साठेखताचे माझे सर्व हक्क, दिलेल्या रकमेच्या पावत्या, आणि वरील कॅलेंडर, मी सुनेला देते. तिने मालकांकडून खरेदीखत करून घ्यावे, कोर्टात जावे लागले तर जावे, आणि न्यायाधीशांना कॅलेंडर दाखवायला विसरू नये.

कलम ४. शिल्लक आणि दागिने

बँकेत आहे ते आणि माझ्या हातातल्या दोन बांगड्या सुनेला. घराची बाकी किंमत त्याच शिल्लकीतून द्यायची आहे. तिला हात लावू नये, अगदी माझ्या औषधालासुद्धा.

कलम ५. मुलगा

मुलाला दुकानाच्या दारावरचे जुने पितळी कुलूप देते. त्याच्या वडिलांनी ते स्वतः घडवले आहे आणि तो लहान असताना त्याच्याशीच खेळत असे. त्याची किल्ली सुनेकडे राहील. उघडायचे असेल तर त्याने तिच्याकडे यावे, पायरीवर उभे राहावे आणि तोंडाने मागावे. द्यायची की नाही हे तिने ठरवावे. माझी काही सक्ती नाही.

कलम ६. मालकांविषयी माझा संशय

हे मृत्युपत्रात लिहितात का मला ठाऊक नाही. पण माझ्यामागे कोणाला तरी माहीत असावे.

ऑगस्टमध्ये मालकांनी नवीन कारण सांगितले. घराचा मूळ कागद त्यांच्याकडच्या लोखंडी कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली हरवली आहे. हे त्यांनी कुलूपवालीला सांगितले. मी म्हणाले, पिशवी घेते, आत्ता येते, पाच मिनिटांचे काम, पैसेही नकोत. तर त्यांचा चेहरा उतरला. "नको काकू, तुम्ही कशाला त्रास घेता, सापडेल." तीस वर्षांत किल्ली हरवलेला एकही माणूस मी असा पाहिलेला नाही. किल्ली हरवलेला माणूस माझा हात धरून ओढत नेतो.

पुढे सप्टेंबरात ते स्कूटरची जादा किल्ली करून घ्यायला आले आणि सबंध जुडगा माझ्या हातात दिला. त्या जुडग्यात कपाटाची किल्ली होती. मला चुकायचे कारण नाही, कारण ती मीच केलेली आहे. बाकावर बसल्यावर मी कानसलेली ती पहिली किल्ली. डोक्याजवळ मी माझी बारीक तिरकी खूण केली होती, ती बोटाला लागली. यांनी तेव्हा सांगितले होते की ही थोरल्या मालकांच्या कपाटाची आहे, नीट कर. मी स्कूटरची किल्ली करून दिली, जुडगा परत दिला आणि रात्रीपर्यंत हात धूत राहिले.

तेव्हा माझे म्हणणे असे: मालक खोटे बोलत आहेत. किल्ली हरवलेली नाही. त्यांना जास्त किमतीचे गिऱ्हाईक मिळाले आहे, पांढऱ्या बुटांचे, आणि मी मरायची ते वाट बघत आहेत. दारात काकू काकू म्हणणारा आणि मनात माझे दिवस मोजणारा माणूस मी त्यांच्यात पाहिला आहे. त्यांनी माझ्या अंत्यविधीला येऊ नये. आले तर पायरीशीच उभे राहावे, त्यांना सवय आहे.

कलम ७. हत्यारे

सगळ्या कानशी, वाइस, किल्ल्या पाडायचे यंत्र, कोऱ्या किल्ल्यांचे डबे सुनेला. निळ्या मुठीची कानस वापरली की लगेच पुसावी, ती रुसते.

कलम ८. कामाच्या वह्या

यांच्या आणि माझ्या मिळून एकोणीस वह्या आहेत. केलेली प्रत्येक किल्ली कागदावर ठेवून पेन्सिलने तिची रेघ काढायची, शेजारी गिऱ्हाइकाचा पत्ता, ही यांची पद्धत. या वह्या चोराच्या हाती लागल्या तर निम्म्या गावाची दारे उघडतील. म्हणून त्या सुनेला द्याव्यात आणि तिने

*

येथे लिहिणे सहा दिवस थांबले. शाई वेगळी दिसते ती त्यामुळे. खाडाखोड करता येत नाही म्हणून वरचे अर्धे वाक्य आणि कलम ६ तसेच ठेवून पुढे लिहिते.

वह्या एकोणीसच आहेत ना हे मोजायला मी त्या खाली काढल्या होत्या. चौथ्या वहीत ते पान निघाले. अक्षर यांचे. "लोखंडी कपाटाला दोन किल्ल्यांचं कुलूप. आधी मुलीची किल्ली फिरवून धरायची, मगच मुलाची फिरते. एकट्याने उघडता येणार नाही. तिसरी किल्ली कधी करायची नाही, असं मालकांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं आहे." खाली दोन रेघा. एक माझ्या किल्लीची. दुसरी यांनी केलेल्या किल्लीची, जी मी कधी बघितलीच नव्हती.

मला वाटले होते की एका कपाटाला एक किल्ली असते. तीस वर्षे हा धंदा करून मी तेवढेच धरून बसले, आणि जे कुलूप माझ्या घराच्या आड येत होते ते आमच्याच बाकावर झाले होते.

थोरल्या मालकांना एक मुलगी आहे हे मला ठाऊक होते. लांबच्या गावी रुग्णालयात परिचारिका. वडिलांच्या शेवटच्या आजारपणात ती होती, मालक उशिरा पोहोचले, दोघांत काही तरी बोलणे झाले, आणि तेव्हापासून ती इकडे फिरकलेली नाही. त्याला अकरा वर्षे झाली.

सून माझ्या खांद्यावरून वाचत होती. ती हळूच म्हणाली, "आई, दुसऱ्या किल्लीची रेघ आहे. अर्ध्या तासाचं काम. तुम्ही ती नेऊन द्या, मालक कपाट उघडतील, कागद निघेल."

खोटे कशाला लिहू, मी कोरी किल्ली वाइसमध्ये लावली. निळ्या मुठीची कानस हातात घेतली. सुनेच्या डोक्यावरचे छप्पर त्या अर्ध्या तासावर होते. पण ज्याचे कुलूप तो समोर उभा असल्याशिवाय हात लावायचा नाही, यावर आमचे दुकान चालले आहे. आणि ही किल्ली जिची, तिला कोणी विचारलेसुद्धा नव्हते. मी किल्ली परत डब्यात टाकली. सुनेने कानस पुसून जागेवर ठेवली.

मी मालकांना निरोप पाठवला. ते आले आणि पायरीशी उभे राहिले. मी म्हणाले, आत या, बसा, आज उभ्याने होणार नाही. वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. त्यांनी वाचली आणि टोपी हातात फिरवत बसले.

"तुम्हाला माहीतच असणार असं मला वाटायचं, काकू," ते म्हणाले. "तुमच्या दुकानाचं कुलूप. मला वाटायचं, माहीत असून तुम्ही मुद्दाम मला खोटी कारणं सांगायला लावताय."

म्हणजे हा माणूसही माझ्यावर संशय घेऊन फिरत होता.

"तुमच्या ताईंना विचारलंत?"

"नाही."

"एप्रिलपासून?"

"अकरा वर्षं बोललो नाही तिच्याशी. आता पहिला शब्द काय काढू? किल्ली दे आणि सही कर?"

पांढऱ्या बुटांचे काय, तेही मी विचारले. तो मोजणीवाला होता म्हणे, नकाशासाठी पाठवलेला. असेल. गुडघ्याचे मी विचारले नाही. त्यांचे कान आधीच लाल झाले होते.

ताईंचा नंबर त्यांना पाठ होता. मी लावला. मी कोण, कोणत्या दुकानातून बोलते हे सांगितले, आणि वहीतले पान वाचून दाखवले.  ताई म्हणाल्या, "किल्ली तो मागतोय का तुम्ही मागताय?"

"मीच मागतेय, बाई."

"मग त्याला मागू दे."

मी फोन त्यांच्या हातात दिला. "ताई, मी बोलतोय," एवढे मी ऐकले आणि पुढे दुकानात आले. पडद्याशी उभी होते असे सून म्हणते, ते खोटे आहे. मी पडद्याला टेकले होते.

ताई काल सकाळी आल्या. किल्ली त्यांच्या गळ्यात, साध्या काळ्या दोऱ्यात. कपाट उघडताना मला बोलावले होते, कुलूप अडलेच तर. ताईंनी किल्ली फिरवून धरली, मालकांनी आपली घातली. दोघांचे हात एकमेकांना लागत होते, एवढे ते भोक जवळ आहे. तेलाचा थेंबही लागला नाही. यांच्या हाताचे काम तीस वर्षांनी असे सुटले, तेव्हा मी कपाटात काय आहे हे न बघता आधी कुलूपच बघत राहिले.

मूळ कागद निघाला. घर दोघांच्या नावावर आहे, अर्धे अर्धे. मालकांनी एकट्याने कागद काढला असता आणि नुसत्या त्यांच्या सहीवर मी घेतले असते तर अर्धे घर विकत घेतले असते आणि सुनेला उरलेल्या अर्ध्यासाठी जन्मभर कोर्टाच्या बाकावर बसावे लागले असते. ती अर्ध्या तासाची किल्ली आम्हाला किती महाग पडली असती, याचा हिशेब मी काल दिवसभर करत होते.

ताईही सोप्या नाहीत. त्यांनी साठेखत दोनदा वाचले, किंमत कोणी ठरवली ते विचारले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "भावाने आधीच काही ठरवून ठेवलं नाही ना तुमच्याशी?" म्हणाल्या. मला बाई आवडली.

कलम ८, पुढे चालू

वह्या सुनेला. तिने त्या कुलुपात ठेवाव्यात. चौथ्या वहीतले ते पान मी ताईंसमोर फाडून त्यांच्या हाती दिले आहे.

कलम ९. राग आणि बाकीच्या गोष्टी

लेखनिक सांगतो की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये. म्हणून साक्षीला बसणाऱ्या मालकांना मी काही देत नाही. आधीही देणार नव्हते. कलम ६ मधला राग कोणाला वारसा म्हणून जात नाही. तो माझ्याबरोबर संपेल. अंत्यविधीला त्यांनी यावे आणि आत येऊन बसावे.

खरेदीखताची तारीख नोंदणी कचेरीने दिली. पुढचा सोमवार. कारकुनाने ती सांगितली तेव्हा सून तोंडाला पदर लावून बाहेर गेली, आणि मालकांना कळेना की सगळे का हसत आहेत. मी हसले, पण कलम ३ चे दोन्ही भाग तसेच ठेवते: झाले तर असे, न झाले तर तसे. शिक्का बसेपर्यंत माझा कोणावर विश्वास नाही, कारकुनावरही नाही.

हे मृत्युपत्र मी साक्षीदारांना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायला लावले, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की आम्हाला माहीत नव्हते. मालक वाचत होते. कलम ६ मध्ये, "माझे दिवस मोजणारा" येथे, ताईंनी कागद त्यांच्या हातातून घेतला आणि पुढचे त्यांनी वाचले.

वरील सर्व माझ्या मनासारखे लिहिले आहे, वाचून ऐकले आहे, आणि त्याखाली मी साक्षीदारांच्या डोळ्यांसमोर सही करत आहे. त्यांनीही आपल्या सह्या माझ्यासमोर केल्या आहेत.

लिहून ठेवणारी: (सही) कुलूपवाली काकू

साक्षीदार पहिली: (सही) घराच्या अर्ध्या भागाची मालकीण, परिचारिका

साक्षीदार दुसरा: (सही) घराच्या अर्ध्या भागाचा मालक, वरील बाईंचा धाकटा भाऊ

स्थळ: दुकानाची मागची खोली, जी अजून त्या दोघांची आहे

दिनांक: अठरा ऑक्टोबर, शनिवार. सोमवारला दोन दिवस आहेत.